एक मोठी सहल की बारा लहान?

सदर : घरची वही



व्यापारी घरात प्रत्येक खर्चाला खाते असते. दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार, मुलांची फी, लग्नकार्यातील आहेर, तीर्थयात्रा, दानधर्म. कोणती रक्कम कोठे गेली हे दिवाळीला वही उघडली की कळते. ज्या घरात एखादे मूल दिव्यांग आहे, त्या घरात त्याच्या नावे औषधोपचार, थेरपी, विशेष शाळा अशी खाती असतात. फिरण्याचे खाते मात्र बहुधा कोरे राहते. कारण विचारले तर दोन उत्तरे मिळतात. एक, खर्च फार होतो. दुसरे, त्रास फार होतो. आज आपण पहिल्या उत्तराचा हिशेब मांडू. तो नीट मांडला गेला, तर दुसऱ्या उत्तरातील बराच भार आपोआप हलका होतो.

या कोऱ्या खात्याची किंमत कोणीतरी भरतच असते. वडील, आजी-आजोबा आणि इतर भावंडे सहलीला जातात. आई त्या मुलाजवळ घरी थांबते. एक वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे हेच चालते. मुलाने शहराबाहेरचे आकाश पाहिलेले नसते, आईने घराबाहेरचा निवांत दिवस पाहिलेला नसतो, आणि भावंडांच्या बालपणीच्या एकाही आठवणीत तो भाऊ किंवा ती बहीण नसते. असे नुकसान कोणत्याही वहीत नोंदले जात नाही. म्हणून ते झालेच नाही असे समजण्याची चूक आपण करतो.

खर्च नेमका कोठे होतो?

दिव्यांग मुलासह केलेल्या सहलीचा खर्च वाढतो तो मुख्यतः चार वाटांनी. पूर्ण दिवसासाठी गाडी भाड्याने घ्यावी लागते. मुलाला सांभाळण्यासाठी एक मोठे माणूस अधिक न्यावे लागते. बाहेरच्या खाण्यावर अवलंबून राहावे लागते. चौथी वाट सर्वांत महाग असूनही आपल्या लक्षात येत नाही. ती म्हणजे काढलेले तिकीट वाया जाणे.

समजा, पाच जणांच्या कुटुंबाने एखाद्या वॉटर पार्कची भारी तिकिटे काढली. ध्वनिक्षेपकाचा आवाज, गर्दी, ओले कपडे यांनी मूल अर्ध्या तासात अस्वस्थ झाले. आता आईवडील पेचात पडतात. परत फिरावे तर पैसे बुडाले, थांबावे तर मुलाचे हाल. बहुतेक जण पैशांकडे पाहून थांबतात, मूल रडून थकते, येणारे-जाणारे पाहत राहतात, भावंडे हिरमुसतात. संध्याकाळी घरी येताना सर्वांच्या मनात एकच निश्चय असतो : पुन्हा नको.

यातून पहिला नियम निघतो. जेथून केव्हाही परत फिरता येते, तीच जागा खऱ्या अर्थाने स्वस्त. प्रवेश विनामूल्य किंवा अल्प असेल, तर वीस मिनिटांत उठून येण्यात कसलेच नुकसान नसते. तेवढी मोकळीक मिळाली की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो आणि मुलावर थांबण्याची सक्ती होत नाही. गंमत अशी, की सक्ती नसली की मूल पुष्कळदा अधिक वेळ रमते.

दुसरा नियम पहिल्यातूनच निघतो. वर्षातून एकदा चार दिवसांची मोठी सहल काढण्यापेक्षा दर महिन्याला अर्ध्या दिवसाची लहान सहल काढावी. मोठ्या सहलीत नवे गाव, नवी खोली, नवा बिछाना, नवे जेवण, सारे एकाच वेळी अंगावर येते. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मुलांना ओळखीच्या गोष्टींचा आधार वाटतो. तीच वाट, तेच झाड, तोच बाक तिसऱ्यांदा दिसला की चेहऱ्यावर ओळख उमटते. मोठ्या सहलीच्या खर्चात बारा लहान सहली होऊन वर शिल्लक राहते. शिवाय बारांपैकी दोन फसल्या तरी दहा पदरात पडतात. एकच मोठी काढली आणि ती फसली, तर वर्षच फसते. सगळे भांडवल एकाच मालात गुंतवू नये, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अंगणातला ठेवा

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला लहान सहलींसाठी दूर जावे लागत नाही, हे आपले भाग्य. लोक देशोदेशींहून जे पाहायला येतात ते वेरूळ आपल्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. वेरूळ व अजिंठा येथे भारतीय नागरिकाला ४० रुपये, तर बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला व औरंगाबाद लेणी येथे २५ रुपये तिकीट आहे. ऑनलाइन काढल्यास प्रत्येकी पाच रुपये कमी पडतात. आईवडील, आजी आणि दोन लहान मुले वेरूळला गेली, तर प्रवेशाचा खर्च होतो १०५ रुपये. अर्ध्या तासात परत फिरावे लागले, तरी मनाला रुखरुख लागावी अशी ही रक्कम नव्हे.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ ही आपली जैन लेणी. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे प्रवेशाजवळ आहे आणि त्याचे प्रांगण जमिनीच्या पातळीवर असल्यामुळे बाहेरची भव्यता पायऱ्या न चढताही दिसते. जैन लेणी तेथून एक किलोमीटरहून अधिक उत्तरेला आहेत. तेथवर जाण्यासाठी फेरीची बस असते. तिची वेळ तिकीट काढतानाच विचारून घ्यावी, म्हणजे मुलाला उन्हात ताटकळावे लागत नाही. ३२ व्या क्रमांकाच्या इंद्रसभेच्या प्रांगणात अखंड पाषाणात कोरलेला हत्ती आहे. मोठ्यांना तेथे स्थापत्य दिसते, मुलाला हत्ती दिसतो. दोघांचेही दर्शन खरे. लेण्यांवरच्या डोंगरातील तेराव्या शतकातील भव्य पार्श्वनाथमूर्तीपर्यंत मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. ते दर्शन एकाच दिवसात गाठण्याचा अट्टहास नको.

एका भेटीत एकच लेणे पाहावे. महिन्याने दुसरे. चौतीस लेण्यांचा हा खजिना वर्षानुवर्षे पुरणारा आहे.

वेळेचाही हिशेब असतो. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. ज्यांच्या बाजाराची साप्ताहिक सुट्टी यांपैकी एखाद्या वारी येते, त्यांनी निघण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी वेरूळच्या रस्त्यावर मोठी गर्दी असते. गर्दीला बिचकणाऱ्या मुलाला घेऊन त्या दिवशी जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. एप्रिल-मेमधील मराठवाड्याचे ऊन धडधाकट माणसालाही झेपत नाही. अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि पायऱ्यांचा. तेथे डोली मिळते; पण डोलीचे भाडे आणि लांबचा प्रवास धरता ती सहल इतर चार-सहा सहलींची सवय झाल्यावरच योजावी.

आपली तीर्थक्षेत्रेही अशीच हाताशी आहेत. शहराजवळचे जटवाडा, चिंतामणी पार्श्वनाथांचे कचनेर, मुनिसुव्रतनाथांचे पैठण. कचनेरला कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत हजारो भाविक लोटतात. त्याऐवजी एखाद्या साध्या वारी सकाळी गेले, तर मुलाला शांतपणे दर्शन घडते. पैठणच्या वाटेने गेल्यास जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पाण्याच्या काठी उभे राहून पक्षी पाहण्याला पैसे पडत नाहीत, आणि बोलू न शकणारे मूलही त्या पांढऱ्या-गुलाबी रांगेकडे बोट दाखवून पुष्कळ काही सांगून जाते.

सवलत म्हणजे उपकार नव्हे

आता थोड्या नाजूक विषयाकडे वळू. आपल्या घरांत सवलतीचा कागद काढण्याचा संकोच असतो. "आपल्याला काय कमी आहे? लोक काय म्हणतील?" असा एक सूर, आणि मोठ्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न जमेपर्यंत ही गोष्ट बाहेर नको, असा दुसरा, दबक्या आवाजातला. पहिल्याला उत्तर सोपे आहे. आपण व्यापारात कायद्याने मिळणारी वजावट सोडतो काय? कराचा परतावा मागताना लाजतो काय? मग मुलाच्या नावे असलेला हक्कच तेवढा लाजिरवाणा कसा? दुसऱ्या सुराला उत्तर कठीण आहे, तरी इतके म्हणता येईल की जे स्थळ घरातल्या मुलाला पाहून मागे फिरते, ते लग्नानंतर कळून मागे फिरण्यापेक्षा आधी फिरलेले बरे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. शिक्षण आणि रोजगारासोबत सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांविषयीही त्यात स्वतंत्र कलम आहे. फिरणे, पाहणे, आनंद घेणे हे त्या मुलाच्या हक्कांत मोडते असे देशाचा कायदा म्हणतो. घराने त्याहून कमी म्हणू नये.

सर्व सवलतींची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर होतो आणि शासकीय रुग्णालयात तपासणी होते. ४० ते ८० टक्क्यांच्या आतील दिव्यांगत्वास पिवळ्या रंगाचे व ८० टक्के वा अधिक असल्यास निळ्या रंगाचे कार्ड मिळते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के ही अट आहे. कार्डाची प्रत आईच्या पर्समध्ये, वडिलांच्या भ्रमणध्वनीत आणि आजोबांच्या पाकिटात असावी. मूळ कार्ड प्रवासात जवळ ठेवावे.

एसटी आणि रेल्वेचे गणित

राज्य परिवहन महामंडळाच्या साध्या व निमआराम बसमध्ये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्के वा अधिक असेल, तर सोबतच्या एका साथीदारालाही ५० टक्के सवलत मिळते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे, ६५ वर्षांवरील ज्येष्ठांनाही निम्मे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य आहे.

एक उदाहरण मांडू. पूर्ण भाडे १०० रुपये धरा. चौदा वर्षांचा मुलगा, त्याचे दिव्यांगत्व ७० टक्के. सोबत आई, वडील आणि ६८ वर्षांची आजी. पूर्ण दराने चौघांचे ४०० रुपये झाले असते. प्रत्यक्षात मुलाचे २५, साथीदार म्हणून वडिलांचे ५०, आईचे ५० आणि आजीचे ५०. एकूण १७५ रुपये, किरकोळ आकार वेगळा. येथे साथीदाराची सवलत वडिलांच्या नावे घेतली हे लक्षात ठेवावे. आईला महिला म्हणून निम्मे भाडे मिळतेच. तिला साथीदार दाखवले, तर वडिलांना पूर्ण भाडे पडले असते. इतक्या साध्या मांडणीने ५० रुपये वाचतात.

रेल्वेची सवलत मोठी आहे, पण तिची यादी आखूड आहे. साथीदाराशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी, साथीदाराशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक अक्षमता असलेले प्रवासी आणि पूर्ण अंध प्रवासी यांना द्वितीय श्रेणी, शयनयान, वातानुकूलित तृतीय श्रेणी व चेअर कारमध्ये ७५ टक्के, तर वातानुकूलित प्रथम व द्वितीय श्रेणीत ५० टक्के सवलत आहे. सोबतच्या एका साथीदाराला तेवढीच सवलत मिळते. राजधानी व शताब्दीत ती २५ टक्केच आहे. ऐकणे व बोलणे दोन्ही पूर्णपणे नसलेल्या प्रवाशांना द्वितीय श्रेणी व शयनयानासारख्या वर्गांत ५० टक्के मिळते. या चार गटांबाहेरच्या मुलांना कार्ड असूनही ही सवलत लागू होत नाही, म्हणून आधी आपला गट पाहावा. ऑनलाइन सवलतीच्या तिकिटासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते. ते एकदा हाती आले, की मुंबई किंवा नाशिकचा प्रवास आई आणि मूल मिळून जवळजवळ अर्ध्या तिकिटाच्या पैशांत करू शकतात.

एक गैरसमज दूर करावयास हवा. पथकरातून सूट मिळते ती दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी खास रचना केलेल्या व तशी नोंद असलेल्या वाहनाला. घरातील नेहमीच्या मोटारीत दिव्यांग मूल बसले आहे म्हणून टोलनाक्यावर सूट मिळत नाही. तेथे वाद घालून मुलाचा दिवस खराब करू नये.

आयकराचाही एक शब्द. जुन्या करपद्धतीत ८० डीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या उपचार, प्रशिक्षण व पुनर्वसनावर खर्च करणाऱ्यास ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची ठराविक वजावट मिळते. हिंदू अविभक्त कुटुंबालाही ती घेता येते. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. कोणती पद्धत लाभाची, हे आपल्या सीएंकडून आकडे मांडून ठरवावे. येथे वाचलेल्या करातून वर्षाच्या बाराही सहली निघू शकतात.

डबा, पाणी आणि सूर्यास्त

बाहेरच्या खाण्याचा खर्च आपल्या घरांत मुळातच कमी ठेवता येतो. कंदमूळ वर्ज्य, रात्रिभोजन वर्ज्य, पाणी उकळलेले. या नियमांनी आपल्याला डब्याची सवय लावली आहे. हीच सवय दिव्यांग मुलाला अत्यंत सोयीची ठरते. ओळखीच्या चवीची खाकरा-पुरी, रोजचाच पेला, ठरलेली वेळ. सकाळी सातला निघून दुपारी एकपर्यंत घरी परतावे. चौविहार पाळणाऱ्यांचीही धावपळ होत नाही. पिशवीत कपड्यांचा एक अधिक जोड, चादर, नेहमीची औषधे, ओळखीचे एखादे खेळणे आणि आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलासाठी कान झाकण्याची सोय असावी. या वस्तू घरून नेल्या नाहीत, तर पर्यटनस्थळावर त्या दुपटीने विकत घ्याव्या लागतात.

गाडीचा खर्च वाटून घेता येतो. विशेष शाळेत किंवा थेरपीच्या केंद्रात भेटणाऱ्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक मोठी गाडी केली, तर भाडे तिसऱ्या हिश्शावर येते. त्याहून मोठा लाभ असा, की त्या गाडीत कोणालाच कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. एकाचे मूल ओरडले तर दुसरी आई शांतपणे पाण्याची बाटली पुढे करते.

विश्वस्तांना विनंती

कुटुंबाने आपला हिशेब जुळवला, तरी एक रक्कम त्याच्या हातात नसते. क्षेत्राच्या दारातील पायऱ्या त्याला एकट्याने हटवता येत नाहीत. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून असंख्य गरजूंना विनामूल्य कृत्रिम पाय दिले. चालण्याचे बळ देणाऱ्या या परंपरेने आता आपले उंबरठेही उतरते करावेत.

रॅम्पचा मान्य उतार एकास बारा असतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फुटांचा रॅम्प लागेल. खर्चाच्या दृष्टीने हे एखाद्या मध्यम देणगीदाराच्या आवाक्यातील काम आहे. बाहेरची चाके गाभाऱ्याजवळ नेण्यास शुद्धतेची अडचण वाटत असेल, तर मंदिराने स्वतःची एक व्हीलचेअर ठेवावी, जी आवाराबाहेर कधी जाणार नाही. धर्मशाळेत तळमजल्यावरील एक खोली, रुंद दाराच्या व हाताला आधार असलेल्या स्वच्छतागृहासह, अशा कुटुंबांसाठी राखावी. भोजनशाळेत त्यांना रांगेत उभे न करता आधी बसवावे. शेवटच्या सूचनेला तर एक पैसाही लागत नाही.

येत्या दिवाळीला नवी वही पुजली जाईल. तिच्यात ज्या घराला लागू असेल त्याने एक पान दिव्यांग मुलाच्या फिरण्यासाठी लिहावे. बारा महिने, बारा ओळी. कोठे गेलो, किती लागले, कोणत्या सवलतीने किती वाचले, आणि शेवटच्या रकान्यात मूल कशाजवळ थांबले. वर्षअखेर या रकान्यावरून पुढच्या वर्षीच्या सहली ठरवाव्यात. कदाचित त्यात सहा वेळा हत्ती असेल. तसे असेल, तर पुढच्या वर्षीही हत्तीकडेच जावे.